जिरोनाच्या डोंगरातले रिकामे रस्ते : पहिल्यांदा सायकल चालवायला येणाऱ्यांसाठी

दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्या-मुंबईहून कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच, की अरे तू बार्सिलोनाला असतोस ना, आम्ही मे महिन्यात येतोय, घाट पाहिजेत, समुद्राची बाजू पाहिजे, पण ट्रॅफिक नको, कुठं जाऊ? मी सगळ्यांना एकच नाव सांगतो, जिरोना. आता हेच दहाव्यांदा व्हॉट्सॲपवर टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतो. रेसिंगवाल्यांसाठी हे नाही. ज्यांनी सिंहगड किंवा जुना कात्रज घाट सायकलवर चढलाय, रविवारी ऐंशी-शंभर किलोमीटर होतात, पण परदेशात रस्त्यावर कधी सायकल चालवली नाही अशांसाठी आहे.

आधी जागा समजून घ्या. जिरोना हे स्पेनच्या कातालुन्या प्रांतात, बार्सिलोनाच्या उत्तरेला साधारण १०० किमीवर. ओन्यार नदी गावातून जाते आणि तिथंच तेर नदीला मिळते. उत्तरेला पिरेनीज पर्वत, पूर्वेला कोस्ता ब्राव्हाचा किनारा, पश्चिमेला गार्रोचाचे विझलेले ज्वालामुखी, आणि गाव व समुद्र यांच्या मधोमध गावारेस नावाची बुटकी, गोल डोंगररांग, तिचं सगळ्यात उंच टोकसुद्धा जेमतेम साडेपाचशे मीटरच्या आतबाहेर. उंची कमी म्हणून नाक मुरडू नका, सगळी मजा याच डोंगरात आहे.

आता मुख्य मुद्दा, बाकी काही विसरलात तरी चालेल. रिकामा रस्ता शोधायचा म्हणजे निर्जन जागा शोधायची नाही, ज्या डोंगराला गाड्यांनी वळसा घातलाय तो डोंगर शोधायचा. आपल्याकडे कात्रजला नवा बोगदा झाला, खंबाटकीला बोगदा झाला, घाई असलेला माणूस तिकडून जायला लागला आणि जुन्या वाटेवरचा भार हलका झाला, अगदी तेच. जिरोनाहून समुद्राकडं जाणारी गाडी गावारेसच्या उत्तरेकडून सी-६६ ने ला बिस्बालला जाते किंवा दक्षिणेकडून सी-६५ ने जाते. डोंगरातून आरपार जाणारे जुने रस्ते आहेत, डांबर चांगलं आहे, पण वळणं इतकी की गाडीवाल्याला तिकडून जाण्यात काही अर्थच नाही. उरले कोण? तिथं राहणारे चार शेतकरी, टपालाची व्हॅन आणि आपण.

हे नकाशावर ओळखायचं कसं ते शिकून घ्या, म्हणजे मी सांगितलेल्या रस्त्यांवर अडून राहायला लागणार नाही. इथं रस्त्याच्या नंबरातच त्याची जात लिहिलेली असते. एपी किंवा ए म्हणजे मोटारवे, तिकडं फिरकायचंच नाही. एन म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, कायद्यानं चालतं पण ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात. सी म्हणजे कातालुन्याचे मोठे रस्ते, हेही टाळा, फार तर ओलांडण्यापुरते. जीआय म्हणजे जिरोना जिल्ह्यातले मधले रस्ते, यात काही सुंदर आहेत, काही नाहीत, नाव बघून ठरत नाही. आणि जीआयव्ही! यातला व्ही म्हणजे वेइनाल, म्हणजे शेजारपाजारच्या गावांना जोडणारा रस्ता. नंबरात व्ही दिसला की निम्मं काम झालं. बार्सिलोना जिल्ह्यात हेच रस्ते बीव्ही नावानं असतात. असल्या छोट्या रस्त्यांच्या किलोमीटरच्या पाट्या बहुतेक पिवळ्या असतात, त्या दिसायला लागल्या की मला आपोआप बरं वाटायला लागतं.

पण नंबरावर डोळे झाकून विश्वास नको. पुढची पायरी म्हणजे घरी बसूनच स्ट्रीट व्ह्यू उघडायचा आणि रस्त्याच्या मधोमध पांढरी रेघ आहे का बघायची. मधली रेघ नसेल तर रस्ता इतका अरुंद आहे की त्यावर कुणी वेगात जात नाही. मग बघायचं की याच दोन गावांना जोडणारा दुसरा, सरळ, रुंद रस्ता जवळपास आहे का. असेल तर उत्तम, सगळ्या गाड्या तिकडं. नसेल तर हा अरुंद रस्ताच त्या गावाचा एकमेव रस्ता असतो आणि सकाळी आठ-नऊला कामावर जाणारे लोक याच्यावरूनच सुसाट निघतात. तिसरं म्हणजे स्ट्रावा या राइड नोंदवायच्या ॲपचा हीटमॅप बघा, सायकलवाले कुठून जातात ते कळतं. आणि ॲपला "सगळ्यात जवळचा रस्ता" कधीच विचारू नका. मी पहिल्या वर्षी तसं केलं होतं, त्या ॲपनं मला आधी तीन किलोमीटर भरधाव ट्रॅफिकमध्ये घातलं आणि मग नांगरलेल्या शेतातल्या पायवाटेवर नेऊन सोडलं, २५ मिलिमीटरच्या बारीक टायरवर. रूट बनवला की डांबर किती, कच्चा किती हे बघायचा ऑप्शन बहुतेक ॲपमध्ये असतो, तो बघितल्याशिवाय सेव्ह करू नका.

कधी यायचं

मार्चचा शेवट ते जूनची सुरुवात, किंवा सप्टेंबरचा मध्य ते नोव्हेंबर. मे महिना सगळ्यात देखणा, गव्हाच्या शेतांच्या कडेनं लाल पॉपीची फुलं असतात. फक्त मेच्या मध्यावर जिरोनात तेम्प्स दे फ्लोर्स हा फुलांचा मोठा उत्सव असतो, जुनं गाव फुलांनी भरतं आणि हॉटेलं माणसांनी, त्या आठवड्यात यायचं तर खोली खूप आधी बुक करा. जुलै-ऑगस्ट टाळाच असं मी म्हणतो. ऊन आपल्याला सोसतं, तो प्रश्न नाही, पण किनाऱ्याजवळचे सगळे रस्ते, व्हीवाले सुद्धा, पर्यटकांच्या गाड्यांनी भरतात, आणि जंगलाला वणव्याचा धोका वाढला की सरकार प्ला आल्फा नावाची योजना लागू करतं, त्यात धोक्याची पातळी सगळ्यात वर गेली की डोंगरात जायलाच बंदी येऊ शकते. आणि हिवाळ्यात? दुपार सुरेख असते, पण सकाळी तेरच्या काठानं धुकं असतं आणि सावलीतली वळणं दुपारपर्यंत ओली राहतात.

यायचं कसं, सायकल कुठली

बार्सिलोनाहून हायस्पीड ट्रेन जिरोनाला साधारण ४० मिनिटांत पोचवते, पण तिच्यात सायकल खोलून, बॅगेत भरूनच न्यावी लागते. उघडी सायकल न्यायची असेल तर आर-११ ही साधी रीजनल गाडी, सव्वा-दीड तास लागतो, पुढं ती फिगेरेस आणि फ्रान्सच्या सीमेपर्यंत जाते. या गाडीचं नाव लक्षात ठेवा, पुढं वाऱ्याच्या भानगडीत ती कामाला येणार आहे.

पहिल्यांदा येताय तर घरून सायकल आणायची यातायात नको, भाड्यानं घ्या. इथं व्यावसायिक रेसर वर्षानुवर्षं येऊन राहतात, त्यामुळं गावात सायकलची दुकानं भरपूर आहेत, तरी एप्रिल-मेसाठी आधी बुक करा. पुढं पेडलजवळ ३४ दात्यांची आतली चेनरिंग (दातेरी चकती) आणि मागच्या चाकावर ३२ किंवा ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट (चकत्यांचा संच) मागा, म्हणजे चढाला हलका गिअर मिळतो, लाजू नका, इथले चढ लांब आहेत आणि उतरल्यावर पुन्हा चढायचंच असतं. टायर २८ चे चालतील, ३० किंवा ३२ मिळाले तर घ्याच, कारण मी सांगणार असलेल्या रूटमध्ये कच्चा भाग आहे.

ब्रेकचं मात्र नीट वाचा. आपल्याकडं उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. इथं उलटं, डाव्या हाताला पुढचा आणि उजव्याला मागचा. उतारावर घाबरून आपण सवयीनं डावा हात आवळतो, आपल्या डोक्यात तो मागचा ब्रेक असतो, आणि इथं पुढचं चाक जागच्या जागी अडकतं. दुकानदाराला सांगितलं तर ते बदलून देतात, विचारा. नसेल देत तर पहिल्या दिवशी रिकाम्या पार्किंगमध्ये दहा मिनिटं नुसते ब्रेक मारून बघा. आणि ब्रेक पॅड स्वतः वाकून बघा. एका दुकानातून घेतलेल्या सायकलचे पुढचे पॅड पार संपलेले होते, मला ते कळलं माद्रेमान्याच्या उतारावर, धातूवर धातू घासल्याचा आवाज आला तेव्हा. उरलेला उतार पायी आलो. तेव्हापासून दुकानाच्या दारातच चाक काढून बघतो, त्याला काय वाटेल याचा विचार करत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. गावाबाहेरच्या रस्त्यावर हेल्मेट सक्तीचं आहे. कानात इयरफोन चालत नाही. दोघं शेजारी शेजारी चालवू शकतात. ओव्हरटेक करणाऱ्या गाडीनं दीड मीटर अंतर सोडलंच पाहिजे, आणि मधली रेघ अखंड असली तरी सायकलला ओलांडण्यापुरती ती तिला पार करता येते. त्यामुळं मागं गाडी आली म्हणून घाबरून मातीच्या कडेला उतरू नका, सरळ रेषेत चालवत राहा. इथले लोक खरंच थांबतात, वळण संपेपर्यंत मागं राहतात, हॉर्न नाही काही नाही. मला पहिले कित्येक महिने ते खरंच वाटायचं नाही.

गाड्या उजवीकडून चालतात हे सगळ्यांना माहीत असतं, तरी चूक होते, आणि ती गर्दीत होत नाही, कारण गर्दीत बाकीच्या गाड्याच तुम्हाला बाजू दाखवतात. चूक होते रिकाम्या रस्त्यावर. फोटो काढायला थांबलात, पाणी प्यायलात, पुन्हा सायकलवर बसलात आणि पुण्यातल्यासारखे डावीकडून निघालात, समोर पुढचा अर्धा किलोमीटर कुणीच नाही सांगायला. म्हणून प्रत्येक थांब्यानंतर मनात नाही, तोंडानं म्हणा, "उजवीकडं". ग्रुप असेल तर मागच्यानं ओरडायचं. गोल सर्कलला घड्याळाच्या उलट दिशेनं जायचं आणि आधी डावीकडं बघायचं.

पहिला दिवस : नुसतं अंग मोकळं करायचं

विमानातून उतरून दुसऱ्या दिवशी लगेच घाट नको. जिरोनाहून दोन जुन्या छोट्या रेल्वेंचे मार्ग आता सायकलचे रस्ते झालेत, त्यांना व्हिया व्हेर्दा, हिरवी वाट म्हणतात. एक ओलोतकडं जाते, ५४ किमी, दुसरी समुद्रावरच्या सांत फेलिउ दे गिशोल्सला, जवळजवळ ४० किमी. त्या गाड्या १९६९ मध्ये बंद पडल्या, लोक अजूनही प्रेमानं कारिलेत म्हणतात, म्हणजे छोटी आगगाडी, आपल्या नेरळ-माथेरानच्या गाडीसारखी नॅरोगेज. रेल्वेचाच मार्ग असल्यामुळं चढ अगदी सौम्य, मोटारी शून्य, जमीन दाबलेल्या खडीची. पहिल्या दिवशी समुद्राकडच्या वाटेनं क्वार्तपर्यंत किंवा याम्बियेसपर्यंत जा आणि परत या. क्वार्त हे काळ्या मातीच्या भांड्यांचं गाव. रस्ते ओलांडताना कुठली बाजू, ब्रेक कुठला, गिअर कसा, हे सगळं इथंच अंगवळणी पडतं.

दुसरा दिवस : एल्स आंजल्स आणि सांता पेल्याया

एकच दिवस असेल तर हाच रूट करा. एकूण ६० ते ६५ किमी, चढाई ८०० मीटरच्या आसपास.

सकाळी साडेसात-आठला निघा. जुन्या गावाच्या मागून, व्हिला-रोजा वस्तीच्या बाजूनं जीआयव्ही-६७०३ लागतो. गाव संपतं आणि दोन वळणांत आवाज बंद होतो, एकदम, दार लावल्यासारखा. इथून साधारण दहा किलोमीटर चढ, सरासरी चार टक्के. सिंहगड केलेल्या माणसाला हा चढ म्हणून जाणवणारही नाही, पण त्यामुळंच लोक सुरुवातीला जोरात सुटतात आणि शेवटी दमतात. मधले एक-दोन तुकडे सपाट आहेत, तिथं दम घ्या, गिअर वाढवत बसू नका.

दोन्ही बाजूला बुचाची झाडं, कॉर्क ओक. ही झाडं जवळून बघण्यासाठी तरी एकदा थांबा. उन्हाळ्यात कुऱ्हाडीनं त्यांची साल काढतात, बारा-चौदा वर्षांतून एकदाच, आणि खोड माणसाच्या डोक्यापेक्षा वरपर्यंत सोललेलं असतं. नुकतं सोललेलं खोड गेरूनं सारवल्यासारखं तांबडंलाल दिसतं, जुनं झालं की काळपट होत जातं, आणि सोलल्याच्या वर मात्र जाड, भेगाळलेली, राखाडी साल तशीच. हात लावून बघा, सोललेला भाग गुळगुळीत असतो आणि साल बोटानं दाबली तर किंचित दबते. वाइनच्या बाटलीचं बूच यातूनच येतं, खालच्या कासा दे ला सेल्वा आणि पालाफ्रुजेल या गावांचा पिढ्यानपिढ्यांचा धंदा याच्यावर उभा राहिला. पालाफ्रुजेलला बुचाचं म्युझियमच आहे.

माथ्याजवळ एक छोटा फाटा देवळाकडं जातो, तो चुकवू नका. एल्स आंजल्सचं देऊळ साधारण ४८५ मीटरवर आहे. याच देवळात १९५८ च्या ऑगस्टमध्ये चित्रकार साल्वादोर दाली आणि गाला यांनी धार्मिक विधीनं लग्न केलं. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला बर्फाचे पिरेनीज आणि पूर्वेला एम्पोर्दाचं मैदान समुद्रापर्यंत दिसतं. दमला असाल तर इथूनच मागं फिरा, वीसेक किलोमीटरची सुंदर राइड झाली असं समजा, त्यात काही कमी नाही.

पुढं माद्रेमान्याकडं उतार. वळणांवर पाइनच्या सुया आणि ओकची फळं पडलेली असतात, पाऊस झाला असेल तर ती साबणासारखी निसरडी होतात. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही. समोरून एखादा ट्रॅक्टर अर्धा रस्ता व्यापून येतो, म्हणून कितीही रिकामं वाटलं तरी वळण कापायचं नाही, उजवी बाजू सोडायची नाही.

माद्रेमान्यानंतर मोनेल्स. दगडी कमानींचा छोटा चौक आहे, तिथं कॉफी घ्या. दुधाची हवी तर काफे आम्ब येत, थोडंच दूध हवं तर तायात. मग क्रुइयेसवरून ला बिस्बाल, हे मातीच्या भांड्यांचं मोठं गाव, पाणी-खाणं इथं भरून घ्या कारण पुढं वीस किलोमीटरमध्ये फारसं काही नाही. ला बिस्बालहून जीआय-६६४ धरा, हा सांता पेल्यायाचा घाट, गावारेस पुन्हा एकदा पार करून कासा दे ला सेल्वाला उतरतो. या नंबरात व्ही नाही, पण इकडून तिकडं जाणारे सगळे सी-६५ आणि सी-६६ नं वळसा घालून जातात, मी मघाशी म्हणालो तेच. कामाच्या दिवशी सकाळी दहा-साडेदहाला या घाटात मला पूर्ण चढावर दोनच गाड्या भेटल्याचंही आठवतं. चढ एकसारखा, वळणावळणाचा, सावलीचा, कुठंही छातीवर येत नाही. मला स्वतःला एल्स आंजल्सपेक्षा हा जास्त आवडतो, कुणीही काहीही म्हणो.

कासाला उतरलात की मोठ्या रस्त्यानं जिरोनाला जायचा मोह टाळा. गावातच कालच्या व्हिया व्हेर्दाची पाटी शोधा, ती याम्बियेस, क्वार्त करत तुम्हाला थेट जिरोनात आणून सोडते, तेरा-चौदा किलोमीटर, एकही मोटार नाही.

तिसरा दिवस : गावागावातून, आणि वाऱ्याचा हिशोब

आर-११ नं फ्लासा स्टेशनला उतरा, तिथून फोइशा, रुपिया, उयास्त्रेत, पेरातायादा असं फिरा. मध्ये एक मोठा रस्ता ओलांडावा लागतो, तेवढाच. मोठे चढ नाहीत, पण जमीन सतत वरखाली होते, पाय रिकामे राहत नाहीत. उयास्त्रेतला रोमनांच्या आधीच्या इबेरियन लोकांच्या नगराचे अवशेष आहेत. पेरातायादा या नावाचा अर्थच तासलेला दगड, गावाचा खंदक अखंड खडकात कोरलाय. गल्ल्यांमधले गोटे बारीक टायरला सोसत नाहीत, सायकल हातात धरून चाला.

इथं वारा समजून घ्यावाच लागतो. उत्तरेकडून येणारा कोरडा, जोरदार वारा म्हणजे त्रामुंताना, दुपारी नैर्ऋत्येकडून येणारा दमट वारा म्हणजे गार्बी. त्रामुंताना कोकणातल्या मतलईसारखा शहाणा वारा नव्हे, तो लागला की दिवसेंदिवस चालतो आणि कधी कधी ताशी शंभराच्या वरचे झोत येतात. आदल्या रात्री मेतेओकात या इथल्या हवामान खात्याचा अंदाज बघायचा. झोत ५०-६० च्या वर सांगितले असतील तर मैदानात जाऊच नका, गार्रोचाच्या जंगलात जा. त्यापेक्षा कमी असतील तर एक युक्ती आहे, ट्रेननं उत्तरेला फिगेरेसपर्यंत जायचं आणि वारा पाठीवर घेऊन जिरोनाला परत यायचं.

जमत असेल तर : गार्रोचा

हा दिवस लांब आहे, ११० किमीच्या आसपास, पाय तयार असतील तरच. जिरोनाहून पालोल दे रेव्हार्दित, कामोस करत बान्योलेस. इथल्या तळ्यावर १९९२ च्या ऑलिम्पिकची रोइंग स्पर्धा झाली होती. तिथून जीआय-५२४ नं मिएरेस, सांता पाऊ, ओलोत. नियम परत तोच, ओलोतला जाणारी गाडी बेसालूवरून रुंद रस्त्यानं आणि बोगद्यातून जाते, म्हणून हा जुना रस्ता शांत राहिलाय. सांता पाऊच्या पुढं क्रोस्कात आणि सांता मार्गारिदा हे ज्वालामुखी आणि फाजेदा द'एन जोर्दा हे बीच झाडांचं जंगल, लाव्हाच्या थरावर वाढलेलं. आपण सह्याद्रीतली माणसं, काळा दगड आपल्याला नवा नाही, पण इथला लाव्हा काही हजार वर्षांपूर्वीचा म्हणजे अगदी ताजा, तो बघताना मला आपल्याकडचा बेसॉल्ट वेगळ्याच नजरेनं दिसायला लागला. फक्त शरद ऋतूतल्या शनिवार-रविवारी इकडं येऊ नका, पानांचा रंग बघायला गाड्यांची रांग लागते. मंगळवार, बुधवार बघा. ओलोतहून परत येताना ५४ किमीची व्हिया व्हेर्दा, सुरुवातीला थोडं चढून कोल द'एन बास, मग आमेरवरून घरापर्यंत उतार.

रोकाकोर्बाचं नाव सगळेच सांगतील. बान्योलेसजवळून वर ॲंटेनांपर्यंत जाणारा बंद रस्ता, पुढं कुठंच जात नाही म्हणून गाड्या नाहीत, पण चढ खरोखर उभा आहे. पहिल्या फेरीत करू नका, दुसऱ्यांदा याल तेव्हा बघा.

खाणं-पिणं

गावागावात नळ असतो, फोन्त म्हणतात. पाटीवर "नो पोताब्ले" असेल तर पिऊ नका. "नो त्राक्तादा" म्हणजे पाण्यावर प्रक्रिया केलेली नाही, गावकरी पितात, पण प्रवासात पोट सांभाळायचं असेल तर तेही सोडा. दुपारी दीड-दोन ते पाच दुकानं बंद, रविवारी दुपारनंतर तर सगळंच बंद, म्हणून खरेदी सकाळीच.

शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही, पण शब्द माहीत पाहिजेत. पा आम्ब तोमाकेत म्हणजे टोमॅटो चोळून वर ऑलिव्ह तेल आणि मीठ घातलेला पाव, सगळीकडं मिळतो. एस्कालिव्हादा म्हणजे भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची, आपल्या भरताची आठवण येते, पण वर मासा ठेवलाय का ते विचारा. अंडं चालत असेल तर नीट, पूर्ण "त्रुइता दे पातातेस" म्हणा, बटाट्याचं जाड ऑम्लेट. नुसतं त्रुइता म्हणाल तर त्या शब्दाचा दुसरा अर्थ ट्राउट मासा आहे. परत आल्यावर जिरोनात शुशो खा, तळलेला, आत कस्टर्ड भरलेला, वर साखर.

वाटेत कुणी भेटलं की बोन दिया म्हणा. समोरून येणारा म्हातारा तुम्हाला आदेउ म्हणेल, शब्दाचा अर्थ निरोपाचा आहे पण इथं येताजाता भेटल्यावर तोच रामराम. उत्तर द्या, छान वाटतं त्यांना.

डोंगरातली काळजी

शरद आणि हिवाळ्यात, विशेषतः शनिवार-रविवारी सकाळी, रानडुकरांची शिकार चालते. रस्त्याच्या कडेला "बातुदा" लिहिलेली पाटी दिसली आणि भगवी जाकिटं घातलेली माणसं उभी असली तर डांबर सोडून आत जायचं नाही, थांबायचं नाही, सरळ पुढं जायचं. डांबरावरून जाणाऱ्याला ते अडवत नाहीत, पण जंगलातल्या कच्च्या वाटेचा प्लॅन असेल तर तो त्या दिवशी सोडून द्या. अंगावर उजळ रंग घाला. पुढचा-मागचा लाइट दिवसाही चालू ठेवा, गर्द झाडीतल्या सावलीत उन्हातून येणाऱ्या ड्रायव्हरला पहिले दोन सेकंद काहीच दिसत नाही.

दोन ट्यूब, पंप, टायर लिव्हर आणि एक पातळ विंडजॅकेट खिशात पाहिजेच, उतारावर घाम गार होतो. फोनची रेंज गावारेसच्या खोऱ्यात जाते-येते, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. काही झालंच तर नंबर ११२, इंग्रजी चालतं. ते पहिला प्रश्न विचारतात, कुठं आहात? गावाचं नाव सांगता येत नाही, झाडं सगळीकडं सारखीच असतात. तेव्हा रस्त्याचा नंबर आणि शेवटच्या पिवळ्या पाटीवरचा किलोमीटर सांगायचा, "जीआयव्ही-६७०३, किलोमीटर आठ", एवढं पुरतं. मी चढताना प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत जातो, माझ्याबरोबर येणाऱ्यांनाही वाचायला लावतो.